जुने दिवाळी अंक आणि डोंगलचे कुलूप

प्रश्न : आमच्या दिवाळी अंकाच्या जुन्या फायली पेजमेकरमध्ये आहेत. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) लागतो आणि संगणक आता कुरकुरतोय. काय करावे?

उत्तर : संगणक चालू आहे तोवर फायली बाहेर काढा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची. अडोबीच्याच इनडिझाइनच्या सीएस६पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये तिच्या फायली उघडत. त्यानंतरच्या सीसी आवृत्तीत ती सोय काढून टाकली. त्यामुळे नुसते नवे सॉफ्टवेअर घेऊन भागणार नाही.

प्रत्येक अंकाची पीडीएफ करा, फॉन्ट आत एम्बेड करून. जमल्यास जतनासाठीच ठरवलेला पीडीएफ/ए प्रकार निवडा. मग ती डोंगल नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडून जोडाक्षरे तपासा.

एवढ्यावर थांबू नका. जुन्या फॉन्टमधला मजकूर पीडीएफमधून कॉपी केला, तर हाती रोमन अक्षरांचा कचरा येतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये बदलून वेगळा ठेवा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रूपांतरात ती आणि रफार हमखास घसरतात. मुद्रितशोधकाकडून वाचून घ्याच.

डोंगल बिघडल्यास बदलून मिळेल का, हे फॉन्टच्या कंपनीला आजच लेखी विचारा. खरेदीचे बिल आणि परवाना क्रमांक जपून ठेवा. सीएस२ या जुन्या सॉफ्टवेअर-संचाचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद करताना अडोबीने जुन्या ग्राहकांना ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत दिली होती. प्रत्येक कंपनी तसे करेलच, या भरवशावर राहू नका. सर्वांत जुन्या अंकापासून याच आठवड्यात सुरुवात करा.