हसू आले, आभार मानायचे राहिले



मे महिना लागला की आपल्या घरांचे रूपच पालटते. मामाकडे आलेली भाचरे, आखातातून सुट्टीवर आलेल्या भावाचे कुटुंब, ओट्यावर पसरलेल्या चपला, पंख्याखाली ओळीने अंथरलेल्या चटया आणि कोपऱ्यात पेंढ्यात पिकत घातलेले आंबे. वीज गेली की सारे अंगणात जमतात. पाणी कमी आले की अंघोळीला नंबर लागतात. या गर्दीत भांडणे होतात, वस्तू हरवतात, ठरवलेले बेत फसतात. गंमत अशी की मुले मोठी झाल्यावर त्यांना नीट पार पडलेली सहल आठवत नाही. आठवते ती फसलेली सहल.

अशा फजितीवर आपण सारेच हसतो. पण प्रत्येक हसणे सारखे नसते, हे आम्ही आमच्याच घरात जरा उशिरा शिकलो. तोच धडा आज आपल्यासमोर ठेवत आहोत.

आमची फजिती

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यातील एका दुपारी आम्ही सहकुटुंब राजोडीच्या किनाऱ्यावर निघालो. मामाची गाडी आणि एक रिक्षा असा आमचा लवाजमा. आजीने पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी आणि उकडलेली अंडी असा मोठा डबा भरला होता. "चला, चला, ऊन कलले," अशी घाई झाली आणि आम्ही निघालो.

किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत चादर अंथरली. कोणीतरी म्हणाले, "डबा काढा." डबा रिक्षात नव्हता, गाडीतही नव्हता. "ओट्यावरच राहिला वाटतं!" अशी ओरड झाली. एकमेकांना दोष देऊन झाला. आणि मग आजीने विचारले, "अरे, धाकटा कुठे आहे?"

आम्हांला वाटले होते तो मामाच्या गाडीत आहे. मामाला वाटले होते तो आमच्या रिक्षात आहे. आठ वर्षांचा मुलगा मागच्या पडवीत चेंडू आणायला गेला होता आणि आम्ही दाराला कुलूप लावून निघून गेलो होतो.

रिक्षावाले भाऊ परत जायला निघाले होते. आमचा चेहरा पाहून त्यांनी काही न विचारता रिक्षा वळवली. घरी पोहोचलो तेव्हा धाकटा ओट्यावर बसलेला, मांडीवर डबा, हातात अंडे. शेजारच्या काकूंनी त्याला पाणी दिले होते आणि त्याच्याजवळ बसून होत्या. तो म्हणाला, "डबा राहिला होता ना, म्हणून मी राखण करत बसलो." राखणीच्या मोबदल्यात तीन अंडी संपली होती. आम्ही रडता रडता हसलो.

त्यानंतर महिनाभर हीच गोष्ट आमच्या घरी चालली. पाहुणे आले की आम्ही ती रंगवून सांगायचो, "आधी डबा आठवला, मग पोरगा!" सारे खो खो हसायचे. जूनमध्ये एके दिवशी लक्षात आले की गोष्ट सुरू झाली की धाकटा उठून बाहेर जातो. त्या रात्री त्याने आजीला विचारले, "आजी, खरंच डबा आधी आठवला का गं?"

आजीने आम्हांला ते सांगितले आणि आमचे हसू तिथेच थांबले.

साराचे दोन वेळचे हसणे

पवित्र शास्त्रात सारा दोनदा हसते. पहिल्यांदा ती तंबूच्या दाराआड हसते (उत्पत्ती 18:12). म्हातारपणी मूल होणार, या शब्दावर तिचा विश्वास बसत नाही. ते थकलेल्या मनाचे हसणे आहे. प्रभू त्याविषयी विचारतो तेव्हा ती घाबरते आणि आपण हसलोच नाही असे म्हणते. दुसऱ्यांदा ती हसते तेव्हा तिच्या कुशीत बाळ आहे (उत्पत्ती 21:6). आता ती काही लपवत नाही. देवाने आपल्याला हसवले आहे आणि ऐकणारा प्रत्येक जण आपल्याबरोबर हसेल, असे ती उघडपणे सांगते. त्या बाळाचे नाव इसहाक. त्या नावाचा अर्थच 'तो हसतो' असा आहे.

म्हणजे हसणे देवाला परके नाही. आपल्या पूर्वजांच्या नावातच ते आहे. फरक एवढाच की पहिल्या हसण्याच्या शेवटी सारा लपते आणि दुसऱ्या हसण्याच्या शेवटी ती देवाचे दान मान्य करते. घरातील कोणताही विनोद याच कसोटीवर घासून पाहावा. हसून झाल्यावर कोणी लपत आहे का? की सर्वांच्या मनात आभार उरले आहेत? आमच्या घरी धाकटा लपत होता.

पवित्र कुटुंबाचीही चुकामूक

संत लूक सांगतो की येशू बारा वर्षांचा असताना पवित्र कुटुंब वल्हांडण सणासाठी यरुशलेमला गेले (लूक 2:41-52). परतताना येशू मागे राहिला. तो सोबतच्या मंडळींत असेल असे समजून मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. दोन गाड्यांची आमची गोष्ट आणि हे प्रवासी यांत केवढे साम्य! चुकामूक होणे हे वाईट आईबापांचे लक्षण नव्हे, हा या उताऱ्यातील मोठा दिलासा आहे.

पण मुलगा सापडल्यावर काय झाले ते पाहा. मरियेने तो प्रसंग हसण्यावारी नेला नाही. आम्ही तुला किती कासावीस होऊन शोधत होतो, हे तिने त्याला तोंडावर सांगितले. येशूनेही आपल्या मनातील बोलून दाखवले. ते उत्तर आईवडिलांना लगेच समजले नाही. तरी ते एकत्र नासरेथला गेले आणि मरियेने हे सारे अंतःकरणात जपून ठेवले.

आम्ही उलट केले होते. आम्ही गोष्ट साऱ्या गावाला सांगितली, पण ज्याची ती होती त्याच्याशी बोललोच नव्हतो. त्या रात्री आम्ही दोघे त्याच्या चटईवर जाऊन बसलो. तू नाहीस हे कळले तेव्हा पायांतले बळ कसे गेले ते त्याला सांगितले. "चूक आमची होती, आम्हांला क्षमा कर," असे म्हटले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "चार अंडी खाल्ली होती. एक मी लपवलं होतं." तेव्हा आम्ही तिघे जे हसलो, ते हसणे खरे.

आता ती गोष्ट घरात तोच सांगतो. तीत वेंधळे आम्ही असतो आणि शहाणा तो असतो.

स्वतःवर हसणारा संत

मे महिन्याच्या 26 तारखेला ख्रिस्तसभा संत फिलिप नेरी यांचा सण पाळते. 1595 साली याच दिवशी रोममध्ये त्यांना देवाज्ञा झाली. लोक आपल्याला फार मोठा साधू समजू लागले आहेत असे दिसले की ते मुद्दाम स्वतःचे हसे करून घेत. एकदा ते अर्धीच दाढी करून लोकांत गेले असे सांगतात. त्यांचा विनोद दुसऱ्याला खाली ओढत नसे, तो त्यांचाच अहंकार खाली ओढत असे.

रोममधील सात चर्चच्या पायी यात्रेला त्यांनी नवे रूप दिले. वाटेत प्रार्थना, भक्तिगीते आणि मध्ये एका बागेत सर्वांचे जेवण. पाव, चीज आणि उकडलेली अंडीसुद्धा! यात्रा आणि सहल यांत त्यांनी भिंत घातली नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही पवित्रतेवरील आपल्या 2018 सालच्या पत्रात आनंद आणि विनोदबुद्धी यांना स्थान दिले. पवित्र माणूस रडव्या चेहऱ्याचा नसतो, असा त्यांचा सांगण्याचा आशय.

परत फिरलेला एकच

एक गोष्ट आम्हांला अजून सलते. त्या दिवशी रिक्षावाले भाऊ परतीचे भाडे न घेताच निघून गेले. आम्ही त्यांचे नावही विचारले नाही. शेजारच्या काकूंचे आभार मानायला आम्ही आठवड्याने गेलो, तेही आजीने पाठवले म्हणून. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले आणि त्यांतला एकच परत आला, तोही शोमरोनी (लूक 17:11-19). उरलेले नऊजण वाईट नव्हते. ते आनंदात होते, घाईत होते. सुटकेच्या आनंदात आभार मानायचे राहून जातात. आम्ही त्या नवांपैकीच होतो.

मजेदार प्रसंगाची गोष्ट आपोआप लक्षात राहते. त्यात ज्यांनी मदत केली ते मात्र आपोआप लक्षात राहत नाहीत. त्यांची नावे जपावी लागतात.

या सुट्टीत करून पाहू या

1. मे हा मरियामातेचा महिना. रात्रीच्या रोझरीनंतर प्रत्येकाने दिवसातील एक हसू आणि एक आभार सांगावा. आभार नाव घेऊन मानावा. "देवा, सगळ्यांसाठी आभार" एवढ्यावर भागवू नये.

2. दुसऱ्याची फजिती सांगण्याआधी त्याची परवानगी घ्यावी, मग तो पाच वर्षांचा का असेना. स्वतःची फजिती खुशाल सांगावी.

3. चूक आपली असेल तर आधी क्षमा मागावी, विनोद नंतर.

4. विरार लोकलने रोज कामावर जाणाऱ्यांना लांबची सहल जमेलच असे नाही. रविवारच्या मिस्सानंतर तासभर किनाऱ्यावर किंवा अंगणात सर्वांनी एकत्र खाल्लेले कलिंगडही मुलांना पुरते.

कुटुंबात चर्चेसाठी

आपल्या घरात वारंवार सांगितली जाणारी मजेदार गोष्ट कोणती? ती ऐकताना कोणाला अवघडल्यासारखे होते का?

गेल्या सुट्टीत आपल्याला मदत करणारा, पण आभार मानायचे राहून गेलेला माणूस कोण? त्याच्याकडे कधी जायचे?

31 मे रोजी मरियेने अलिशिबेला दिलेल्या भेटीचा सण आहे. मरिया दूरचा प्रवास करून नातेवाइकांकडे गेली आणि तिने देवाचे गुणगान केले. तीही आपल्यासारखीच एक पाहुणी होती. तिच्या मध्यस्थीने आपल्या भरलेल्या घरांतून हसणे उमटो, आणि त्याच्या शेवटी कोणालाही उठून बाहेर जावे न लागो.

आणि हो, सहलीला निघताना डबा मोजा. पण आधी मुले मोजा!