स्टिअरिंगमागच्या दोन पट्ट्या : गरज की हौस?

समजा, दिवाळीच्या सुट्टीत तुमचे मामा पुण्याहून बार्शीटाकळीला आले. गाडी नवी आणि ऑटोमॅटिक. तिला क्लच नाही, दर वेळी गिअर टाकण्याची कटकट नाही. पण स्टिअरिंगच्या मागे दोन बाजूंना दोन लहान पट्ट्या आहेत. उजवीवर अधिक चिन्ह, डावीवर उणे चिन्ह. मामा सांगतात, "ही ओढली की गिअर वाढतो, ती ओढली की कमी होतो."

तुमच्या मनात लगेच प्रश्न येईल : जी गाडी आपण होऊन गिअर बदलते, तिला हाताने गिअर बदलण्याचे हे साधन हवे कशाला? त्यासाठी जास्त पैसे मोजावेत काय? या पट्ट्यांना पॅडल शिफ्टर म्हणतात. त्यांची किंमत ठरवण्यापूर्वी गिअरचे काम समजून घेऊ या.

गिअर कशासाठी?

मोटारीचे पेट्रोल इंजिन मिनिटाला साधारण ८०० ते ६००० फेरे या मर्यादेत चालते. त्याहून हळू फिरवले तर ते बंद पडते. चाकांना मात्र शून्यापासून सुरुवात करायची असते. हा मेळ दंतचक्रे घालतात. २० दातांचे चक्र ६० दातांच्या चक्राला फिरवत असेल, तर लहान चक्राच्या तीन फेऱ्यांत मोठ्याचा एकच फेरा होतो. वेग एकतृतीयांश होतो, पण फिरवण्याचा जोर, म्हणजे पीळ, जवळजवळ तिप्पट होतो. शक्ती कोठून नवी येत नाही. वेग देऊन पीळ घ्यायचा, एवढाच हा सौदा.

म्हणून गाडी जागची हलवताना किंवा चढावर खालचा गिअर लागतो आणि सपाट रस्त्यावर वेगाने जाताना वरचा.

यंत्र गिअर कसा निवडते?

ऑटोमॅटिक गाड्यांचे अनेक प्रकार आहेत. काहींत इंजिन व गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याची मूळ कल्पना हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये मांडली. काहींत क्लच आणि गिअर नेहमीचेच असतात, पण ते यंत्राच्या हातांनी हलवले जातात. २०१४ मध्ये आलेल्या मारुती सेलेरिओमुळे हा स्वस्त प्रकार आपल्याकडे घरोघरी माहीत झाला. तिसऱ्या प्रकारात दंतचक्रांऐवजी पट्टा आणि रुंदी बदलणाऱ्या कप्प्या असतात.

प्रकार कोणताही असो, निर्णय एक छोटा संगणक घेतो. गाडीचा वेग किती, इंजिनाचे फेरे किती, चालकाने ॲक्सिलरेटर किती दाबला, हे पाहून तो गिअर ठरवतो. म्हणजे या घडीला काय चालले आहे, ते त्याला नेमके कळते. पण दोनशे मीटरवरचे वळण, त्यापलीकडचा उतार किंवा रस्त्यावर येऊ पाहणारी बैलगाडी त्याला दिसत नाही. ती तुम्हाला दिसते. पॅडल शिफ्टरचे सारे मोल या एका फरकात आहे.

पट्टी ओढली की काय होते?

ही पट्टी म्हणजे साधी विजेची कळ आहे. ती संगणकाला विनंती करते. इंजिनाचे फेरे धोक्याबाहेर जाणार असतील, तर संगणक ती विनंती सरळ नाकारतो.

हे साधन शर्यतीच्या मैदानातून आले. जॉन बर्नार्ड यांनी आखलेल्या फेरारी गाडीत ते बसवले होते आणि १९८९ साली ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेल यांनी ती गाडी पहिली आणली. स्टिअरिंगवरचा हात न काढता गिअर बदलता येतो, हा त्याचा फायदा. शर्यतीत क्षणाचाही हिशेब असतो. बार्शीटाकळीहून अकोल्याला बाजाराला जाताना तो नसतो. त्या फारसा चढउतार नसलेल्या रस्त्यावर संगणकाची निवड पुरेशी असते. तेथे पट्ट्या ओढणे ही हौस झाली.

घाटातला हिशेब

आता गाडी पातूरच्या घाटात किंवा चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरते आहे, असे समजा. माणसांसह तिचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम. उतार असा की १५ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर खाली यावे. वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११.१ मीटर. तर गाडी दर सेकंदाला ११.१ ÷ १५ = ०.७४ मीटर खाली येते. दर सेकंदाला सुटणारी स्थितिज ऊर्जा :

१२०० × ९.८ × ०.७४ = सुमारे ८७०० ज्यूल.

म्हणजेच ८७०० वॅट. टायर आणि हवेचा विरोध यांत ढोबळ मानाने २००० वॅट जातात. उरलेले ६७०० वॅट कोठे जाणार? वेग वाढू द्यायचा नसेल तर ते ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातात. एक किलोवॅटच्या साडेसहा विजेच्या शेगड्या चार चाकांवर पेटवून ठेवाव्यात, तसा हा प्रकार! पाच किलोमीटरच्या उताराला या वेगाने साडेसात मिनिटे लागतात. तेवढा वेळ ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि त्याची पकड कमी होते. जुन्या, पाणी शोषलेल्या ब्रेक ऑइलची वाफही होऊ शकते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पाय खाली जातो, पण दाब चाकापर्यंत पोचत नाही.

येथे खालचा गिअर कामी येतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. पेट्रोल इंजिनाची हवेची वाट जवळजवळ बंद असते, त्यामुळे दट्ट्यांना हवा ओढताना कष्ट पडतात. शिवाय घर्षण असतेच. इंजिन गाडीला मागे ओढते. गिअर जितका खालचा, तितके इंजिनाचे फेरे जास्त आणि ओढही जास्त. यालाच इंजिन ब्रेक म्हणतात. आजच्या गाड्यांत अशा वेळी इंधनाचा पुरवठाही बंद होतो.

न्यूट्रलमध्ये घाट उतरल्याने पेट्रोल वाचते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागते आणि त्याची ओढ मात्र मिळत नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळील उतारावर एका मालमोटारीने अनेक वाहनांना धडक दिली. उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले होते. चार पैसे वाचवण्याची किंमत अशी मोजावी लागते.

मग निर्णय काय?

घाटात ऑटोमॅटिक गाडीचा संगणक पाय उचलताच अनेकदा वरचा गिअर निवडतो. काही गाड्यांना उतार ओळखता येतो, तरी पुढचे वळण त्यांना दिसत नाही. अशा वेळी डावी पट्टी ओढून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घेणे फार उपयोगाचे आहे. पुढचे वाहन ओलांडण्याआधीही तसेच करता येते.

परंतु हेच काम गिअरच्या दांड्यावरच्या हस्तचलित सोयीनेही होते. ज्या गाडीत ती सोय आहे, तिच्यात पट्ट्यांमुळे केवळ हात स्टिअरिंगवर राहतो. वळणावळणाच्या घाटात हे सुख लहान नाही. पण सपाट मुलखात राहणाऱ्याने केवळ पट्ट्यांसाठी महागडी गाडी घेऊ नये. पट्टीपेक्षा खालचा गिअर कधी घ्यावा हे ज्ञान मोलाचे, आणि ते फुकट मिळते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इंजिनाच्या ओढीने वेग कमी होतो तेव्हा मागचा लाल दिवा लागत नाही. म्हणून मागच्या वाहनाला इशारा देण्यासाठी ब्रेकला हलका पाय लावावा. आणि ओल्या वळणावर एकदम खालचा गिअर घेऊ नये, चाके घसरतात.

काही विजेच्या गाड्यांतही अशा पट्ट्या असतात. त्या गिअर बदलत नाहीत, तर उतारावरची किती ऊर्जा बॅटरीत परत घ्यायची ते ठरवतात. आपल्या हिशेबातले ६७०० वॅट तेथे पूर्ण वाया जात नाहीत.

करून पाहा

सायकल उलटी उभी करा. मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हवर खूण धरा. पायडल एक फेरा फिरवा आणि चाकाचे फेरे मोजा. मग पुढच्या व मागच्या चक्रांचे दात मोजून भागाकार करा. उत्तर जुळते का पाहा. आता चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा. पायडल फिरते काय? नाही ना? मग सांगा : उतारावरची सायकल कोणत्या मोटारीसारखी आहे, गिअरमधल्या की न्यूट्रलमधल्या?