झाडाची सावली मोजायची कशी?

विदर्भाचा उन्हाळा गोंदियाकरांना नवा नाही. पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की ताक, पन्हे, डोक्याला दुपट्टा यांविषयी आम्ही डॉक्टर मंडळी लिहितो. (खिशातल्या कांद्याने उष्माघात टळत नाही, हेही दरवर्षी सांगावे लागते.) आज थोडे निराळे लिहितो. आपल्या रस्त्यावरचे झाड किती गारवा देते, हे आपणच मोजू शकतो.

हवा ३५ अंशांवर गेली की शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. झाडही तेच करते. मुळांनी ओढलेल्या पाण्याची पानांतून वाफ होते आणि भोवतालची उष्णता खर्ची पडते. शिवाय सावली आहेच. मात्र बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेल्या झाडाला पाणी मिळत नाही, मग ते पानांची छिद्रे मिटून घेते.

बंगळूरमध्ये हरिणी नागेंद्र व सहकाऱ्यांनी झाडे असलेले आणि नसलेले रस्ते मोजले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात झाडांच्या रस्त्यावर हवा ५.६ अंशांपर्यंत, तर डांबराचा पृष्ठभाग २७.५ अंशांपर्यंत थंड आढळला. हवेपेक्षा डांबरातला फरक मोठा आहे, हे ध्यानात घ्यावे. हमाल, रिक्षावाला, भाजीवाली यांना तापलेला रस्ता खालून भाजतो आणि सूर्य वरून. हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या हवेशीर पेटीतला असतो, त्यात हे भाजणे येत नाही.

ताप पाहण्याचा थर्मामीटर या कामी निरुपयोगी, कारण तो ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो. भिंतीवर टांगायचे साधे तापमापक दोन घ्यावेत. आधी दोन्ही एकाच जागी ठेवून सारखे दाखवतात का ते पाहावे. मग एक झाडाखाली, दुसरे उघड्या रस्त्याकडेला, दोन्ही छातीच्या उंचीवर धरावेत. उघड्यावरच्या तापमापकावर पुठ्ठ्याची आडोशी धरावी, नाहीतर हवा नव्हे, तापलेली काचच मोजली जाईल. दहा मिनिटांनी, एकाच वेळी, दोघांनी आकडा लिहावा. फरक एक-दोन अंशांचाच निघाला तरी नाउमेद होऊ नये. अंगावरचे ऊन अडते, ते या आकड्यात दिसत नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की नळीच्या टोकाला ओले फडके गुंडाळून दुसरी नोंद घ्यावी. घाम कितपत वाळेल याचा अंदाज तिच्यावरून येतो.

झाडाचे नाव आणि पानांची स्थिती लिहायला विसरू नये. सागवान ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण असतो, म्हणून त्याची सावली मे महिन्यात कामाची नाही. करंज व कडुनिंब तेव्हा हिरवे असतात. झाडाच्या पानाफुलांची दर आठवड्याची नोंद ठेवणारा ‘सीझनवॉच’ हा उपक्रम २०१० पासून चालू आहे. त्यात केरळातील शाळकरी मुलांचा मोठा वाटा आहे. आपल्या शाळांना हे अवघड नाही.

अशी वही कागदोपत्रीही उपयोगी पडते. १९७५ च्या राज्य कायद्याप्रमाणे शहरातील झाडांची दर पाच वर्षांनी गणना व्हावयास हवी. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. रस्ता रुंद करताना करंजाची रांग पाडायची ठरली, तर हरकत घेणाऱ्याच्या हाती नुसत्या हळहळीपेक्षा आकडे असलेले बरे.

एक सूचना. दुपारी नोंद घेताना मुलांसोबत मोठे माणूस असावे, पाणी असावे. कोणी बरळू लागला, अंग चटका बसण्याइतके गरम लागले, तर तोंडात पाणी ओतू नये. सावलीत निजवून अंग ओले करावे, वारा घालावा आणि तसेच दवाखान्यात न्यावे. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नाही, असे समजू नये.