परसातील रताळी : पाने आणि फळ



देहूरोडच्या आसपास आता शेते थोडी व कारखाने फार झाले आहेत. तथापि पुष्कळांच्या घरामागे चार हात परस अद्याप आहे. तेवढ्या जागेत रताळी उत्तम होतात. त्यांच्या लागवडीत एक धडाही आहे; तो आम्ही ठेच लागल्यावर शिकलो, म्हणून सांगतो.

पहिल्या वर्षी आम्ही शेणखत रगड घातले व रोज पाणी दिले. वेल कुंपणापर्यंत पसरला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी वाखाणला, आणि आम्हांसही अभिमान वाटला. चार महिन्यांनी खणून पाहतो तो बोटाएवढी मुळे! खतपाणी अतिशय झाले म्हणजे वेलाचे बळ पानांतच जाते.

योग्य रीत अशी. जून-जुलैत माती भुसभुशीत करून दोन-दोन फुटांवर वरंबे घालावे. निरोगी वेलाच्या शेंड्याकडील वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे बेणे एकेक फुटावर लावावे. निदान दोन डोळे मातीत असावेत. वेल पसरू लागला म्हणजे तो अधूनमधून उचलून पालटावा. नाहीतर तो पेरापेराला मुळे धरतो व मुख्य रताळी पोसत नाहीत. वरंब्यास भेगा पडल्यास मातीची भर द्यावी, कारण भेगांतून सोंड्या भुंगा आत शिरतो. सुमारे चार महिन्यांनी पाने पिवळी पडू लागतात. तेव्हा एक रताळे कापून पाहावे. कापलेला भाग काळा-हिरवा न पडता सुकला, तर पीक तयार झाले असे समजावे.

मार्काच्या 11 व्या अध्यायात प्रभूने पानांनी भरलेल्या अंजिराजवळ फळ शोधले, हे आपणांस ठाऊक आहे. उपासनेत पुढे बसणे, मोठ्याने गाणे, मंडळीत मान मिळणे ही पाने होत. ती वाईट नव्हेत. पानांवाचून मूळही पोसत नाही. परंतु फळ लोकांच्या दृष्टीआड वाढते : एकांतातील प्रार्थना, वेळेवर फेडलेले कर्ज, भावाला केलेली क्षमा. आणि आपण संसारात जागोजागी मुळे धरू लागलो म्हणजे प्रभूचा हात आपणांस उचलून पालटतो. तेव्हा दुःख होते खरे, परंतु ते फळासाठीच असते.

यंदा एक तरी वरंबा घालावा. पहिली रताळी कापणीच्या सणास मंदिरात आणावी. एकादशीस शेजारच्या घरी उपवासाला हवी असल्यास तीही प्रीतीने द्यावी. उपदेशक बंधूंनी या आठवड्यात मंडळीस, आणि प्रथम स्वतःस, एवढेच विचारावे : आमचे बळ कोठे जात आहे, पानांत की मुळांत?