जुन्या पुस्तकांचा घरगुती व्यापार: घेताना आणि देताना खरे माप

पाठाचा हेतू: घरबसल्या जुनी पुस्तके इंटरनेटवर कशी विकावीत हे समजून घेणे, आणि या व्यापाराला आपल्या शास्त्रातील देवघेवीचे नियम कसे लागू पडतात ते पाहणे.

मुंबई आणि कोकणातून इस्राएलमध्ये आलेल्या बेने इस्राएल कुटुंबांच्या ट्रंकांत कपड्या-भांड्यांबरोबर पुस्तकेही आली. मराठी कादंबऱ्या, पाकपुस्तके, शाळेची पुस्तके, प्रार्थनापुस्तके, हगादा. आज अश्दोद, लोद, दिमोना, बेर शेवा अशा गावांत ही पुस्तके कपाटाच्या वरच्या खणात पडून आहेत. आजी-आजोबांना अक्षर दिसेनासे झाले आहे आणि नातवंडांना मराठी कानाने कळते, पण वाचता येत नाही. घर रिकामे करायची वेळ आली की पेटी रस्त्यावरच्या बाकावर जाते आणि पहिल्या पावसात सगळे संपते.

अशा पुस्तकांना गिऱ्हाईक असते. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुनी पुस्तके मांडून बसणारे विक्रेते अनेक वडीलधाऱ्यांना आठवतात. आता तोच पदपथ फोनच्या पडद्यावर आला आहे. भांडवल थोडे, दुकानाचे भाडे नाही, त्यामुळे विद्यार्थी, घरी असणारी आई किंवा निवृत्त आजोबा, कोणीही हा धंदा करू शकतो. पण त्यात एक अडचण आहे. ज्याच्याकडून पुस्तक घेतले त्याला बहुधा त्याची किंमत माहीत नसते, आणि ज्याला विकले त्याने ते हातात घेऊन पाहिलेले नसते. दोघेही मधल्या माणसाच्या शब्दावर विसंबून असतात.

१. पेटी उघडल्यावर

पुस्तकांचे चार ढीग करावेत.

पहिला ढीग विक्रीचा: चांगल्या स्थितीतील कथा-कादंबऱ्या, शब्दकोश, अभ्यासाची व मुलांची पुस्तके.

दुसरा ढीग गेनिझाचा. ज्या पुस्तकात हिब्रू अक्षरांत परमेश्वराचे नाव छापलेले आहे आणि जे फाटून वापरण्याजोगे राहिलेले नाही, ते रद्दीत किंवा कचऱ्यात टाकू नये. ते सिनेगॉगमधील गेनिझाच्या पेटीत द्यावे. मराठी भाषांतरासह छापलेल्या प्रार्थनापुस्तकांतही हे नाव असते, म्हणून मराठी अक्षरे पाहून फसू नये. धड असलेले प्रार्थनापुस्तक सिनेगॉगला किंवा वापरणाऱ्याला द्यावे.

तिसरा ढीग वारशाचा. बेने इस्राएल समाजासाठी मराठीतून छापलेली जुनी पुस्तके आणि मासिके आता फार थोडी उरली आहेत. हिब्रू-मराठी हगादा मुंबईत 1846 मध्ये शिळाछापावर निघाली. पुण्यात 1874 मध्ये निघालेल्या हगादात लुगडे नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या. असे काही हाती लागले तर भाव ठरवण्याआधी जाणकाराला दाखवावे. जेरुसलेममधील राष्ट्रीय ग्रंथालय किंवा बेन-झ्वी संस्था अशा ठिकाणी विचारता येते.

चौथा ढीग खरोखरीच्या रद्दीचा: भिजून बुरशी आलेली, कसरीने पोखरलेली पुस्तके. ती इतर पुस्तकांजवळ ठेवू नयेत. कीड पसरते.

२. घेताना

समजा, एका विधवा आजींनी शेजारच्या मुलीला पेटी दाखवली आणि म्हणाल्या, “काय द्यायचं ते दे गं पोरी. ठेवून तरी मी काय करू?” मुलीने पेटीचे शंभर शेकेल सांगितले. आजी खूश झाल्या. तेवढ्यात तळाशी मुलीला 1874 ची हगादा दिसली. आता तिने काय करावे?

तोराने लेवीय 25:14 मध्ये खरेदी-विक्रीत एकमेकांना नाडू नये असे सांगितले आहे. या नाडण्याला हिब्रूत ‘ओनाआ’ म्हणतात. मिश्नाच्या बाबा मेझिया या भागातील चौथ्या अध्यायात त्याचे नियम आहेत. तेथे स्पष्ट म्हटले आहे की हा नियम विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला, दोघांनाही लागू आहे. जास्त भाव लावणे जसे चूक, तसेच अजाण माणसाकडून कवडीमोलाने घेणेही चूक.

त्याच अध्यायात मुदतही सांगितली आहे. ज्याने महाग घेतले, त्याला वस्तू व्यापाऱ्याला किंवा नातेवाइकाला दाखवण्यापुरता वेळ मिळतो. ज्याने स्वस्तात विकले, त्याला अशी मुदत नाही. वस्तू त्याच्या हातातून गेलेली असते, मग तो ती कोणाला दाखवणार? म्हणून आजींचा हक्क महिन्याने किंवा वर्षानेही बुडत नाही.

तेव्हा मुलीने एवढेच म्हणावे, “आजी, ही हगादा पेटीत धरू नका. आधी जाणकाराला दाखवू या, मग तुम्ही ठरवा.” कदाचित आजी ती विकणारच नाहीत, नातवाला देतील. मुलीचा एक सौदा जाईल, पण पुढची दहा घरे तिला आपणहून बोलावतील.

आणखी एक गोष्ट. घ्यायचे मनात नसताना नुसता भाव विचारू नये, असेही मिश्ना सांगते. म्हाताऱ्या माणसाला कपाट उपसायला लावून, आशा दाखवून निघून जाणे हेही नाडणेच आहे.

३. पुस्तकाचे वर्णन

वस्तूला रंगरंगोटी करून जुन्याची नवी भासवू नये, असा नियम याच अध्यायात आहे. पुस्तकविक्रीत त्याचा अर्थ सरळ आहे: डाग झाकणारा फोटो काढू नये.

पुस्तक कोरड्या मऊ ब्रशने झटकावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. ती पुढे पिवळी पडते आणि कागद खाते. मग मुखपृष्ठ, मलपृष्ठ, पुठ्ठ्याचा कणा, आतले शीर्षकपान आणि सर्वांत वाईट डाग, असे पाच फोटो काढावेत. वर्णनात पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, गाव, वर्ष, आवृत्ती, पानांची संख्या आणि दोष लिहावेत. कोणाची सही किंवा अर्पण असल्यास तेही सांगावे.

नव्या पुस्तकांवर आयएसबीएन हा क्रमांक असतो. 2007 पासून तो 13 अंकी आहे, त्याआधी 10 अंकी होता. 1960 पूर्वीच्या पुस्तकांवर तो नसतोच. अशा वेळी शीर्षकपान नीट वाचावे लागते. उदाहरणार्थ, हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्राएल लोकांचा इंग्रजी इतिहास 1897 मध्ये लिहून पुरा केला, पण तो छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवला. लिहिल्याचे वर्ष छपाईचे म्हणून सांगितले तर ते खोटे वर्णन होईल. तसेच पुण्याच्या हगादाची पुढे छायाप्रत आवृत्तीही निघाली. छायाप्रत मूळ म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे.

४. भाव आणि हिशेब

याद श्तायिम, फेसबुक, ईबे अशा ठिकाणी त्याच पुस्तकाचा भाव पाहावा. लोक किती मागतात यापेक्षा कितीला विकले गेले ते महत्त्वाचे.

ओनाआची मोजपट्टी एक षष्ठांशाची आहे. पुस्तकाचा चालू भाव 60 शेकेल असेल तर त्याचा सहावा भाग 10. पुस्तक 70 ला विकले तर सौदा टिकतो, पण जास्तीचे 10 परत द्यावे लागतात. त्याहून जास्त घेतले तर गिऱ्हाईक सौदा मोडू शकते. षष्ठांशाहून कमी फरक असेल तर तो सोडून दिला जातो.

आता नफा पाहू. पुस्तक 50 शेकेलला विकले. खरेदी 10, टपाल 14, वेष्टन 3 आणि संकेतस्थळाचा वाटा 5 धरला, तर खर्च 32 आणि हाती 18. त्यातच फोटो काढण्याचा, वर्णन लिहिण्याचा आणि टपालात जाण्याचा वेळ आला. म्हणून प्रत्येक पुस्तकाचे वजन आधी करावे. जाड, स्वस्त पुस्तक टपालखर्चातच बुडते. खरेदी-विक्रीची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

५. नोंदणी आणि शब्बाथ

नेमाने पुस्तके घेऊन विकणे हा व्यवसाय ठरतो. इस्राएलमध्ये लहान व्यावसायिक ‘ओसेक पातूर’ म्हणून नोंद करू शकतो. तो गिऱ्हाइकाकडून मूल्यवर्धित कर घेत नाही, साधी पावती देतो. त्यासाठी मूल्यवर्धित कर, आयकर आणि बित्तुआ लेउमी या तिन्ही कार्यालयांत कळवावे लागते. उत्पन्नाची मर्यादा बदलत असते, म्हणून चालू आकडा कार्यालयातच विचारावा.

शब्बाथला आणि सणांना ऑर्डर पाहू नये, गिऱ्हाइकाला उत्तर देऊ नये. दुकानाच्या पानावर तसे आधीच लिहावे. त्या वेळात आपोआप येणाऱ्या ऑर्डरींबद्दल रब्बींना विचारावे.

शब्दार्थ

कसर: कागद खाणारा बारीक किडा
कवडीमोलाने: अगदी क्षुल्लक किमतीला
शिळाछाप: दगडावर लिहून केलेली छपाई
षष्ठांश: सहावा भाग
गेनिझा: जीर्ण पवित्र पुस्तके ठेवण्याची जागा

विचार करा आणि बोला

१. ओनाआचा नियम विकत घेणाऱ्यालाही का लागू केला असेल?
२. चालू भाव 90 शेकेल असलेले पुस्तक 108 ला विकले. हा सौदा टिकेल का? हिशेब मांडून सांगा.
३. घरातील एक जुने मराठी पुस्तक आजी-आजोबांकडून मागून घ्या. ते कोठून आले, कोणी वाचले, हे त्यांना विचारा. मग त्याचे खरे वर्णन पाच वाक्यांत मराठीत लिहा, दोषांसह. ते विकायचे की ठेवायचे, हे दोघांनी मिळून ठरवा.