दुखायची थांबलेली दाढ

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या भागांतील खेड्यांतून बिऱ्हाडे हलू लागतात. भांडीकुंडी, अंथरुणे, कोयते वाहनावर चढतात आणि पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरली जाते. तोडणीच्या भाषेत नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. पुढील पाचसहा महिने त्यांचे घर म्हणजे उसाच्या फडाजवळची खोप. काही मुले आईबापांबरोबर जातात. काही गावी आजीजवळ राहतात.

मुलांनो, अशाच एका घरी, निघण्यास दोन आठवडे उरले असता, बारा वर्षांच्या मुलाची खालची दाढ ठणकू लागली, असे समजा. थंड पाणी लागताच कळ मस्तकात जाई. रात्री आडवे झाले की ठणका वाढे. आजीने लवंग दाढेखाली धरायला दिली. शेजारणीने मिश्री लावण्यास सुचविले. आजीने ते ऐकले नाही हे बरे झाले, कारण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. चौथ्या दिवशी ठणका आपोआप थांबला. वडील म्हणाले, “राहिली ना दुखायची? मग आता कशाला हेलपाटा?” मुकादमाकडून उचल घेतलेली, निघण्याची घाई; त्यांचे म्हणणे कोणासही पटावे असेच होते.

परंतु दाढ बरी झालेली नव्हती. ती आतून मेली होती.

हे समजण्यासाठी दाताची रचना पाहू. बाहेरचे पांढरे कवच म्हणजे दंतवल्क. मनुष्यदेहात याहून कठीण पदार्थ नाही. त्याच्या आत दंतिन हा किंचित मऊ थर असतो आणि त्याच्याही आत एका पोकळीत दंतमज्जा असते. रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी भरलेली ही नाजूक मज्जा बारीक नळ्यांतून मुळांच्या टोकापर्यंत उतरते. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळे व तीन नळ्या असतात.

आपण ‘दाताला कीड लागली’ असे म्हणतो खरे. पण दातात किडा नसतो. पिअर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने तो सूक्ष्मदर्शकातून शोधून पाहिला. त्याला तो आढळला नाही आणि 1728 साली आपल्या ग्रंथात त्याने तसे लिहिले. तोंडातील जंतू साखर व पिष्ट पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दंतवल्क झिजते, ही गोष्ट मिलर या शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास मांडली. साखर उसातली असो की बिस्किटातली, जंतूंना सारखीच. दाताला चिकटून बसणारे बिस्कीट मात्र त्यांना अधिक वेळ पुरते.

झीज दंतवल्कापुरती असते तोवर दुखत नाही. जंतू मज्जेपर्यंत पोहोचले म्हणजे ती सुजते. बोट सुजले तर ते फुगते. दाताच्या टणक भिंतींत मज्जेला फुगायला जागा कोठून मिळणार? म्हणून तो जीवघेणा ठणका. काही दिवसांनी दाबाने आणि जंतूंच्या हल्ल्याने मज्जा मरते. मज्जातंतू मेले, की कळ कळविणारेच कोणी उरत नाही. घरात शांतता होते. जंतू मात्र त्या मृत मज्जेवर पोसत मुळाच्या टोकाशी उतरतात आणि जबड्याच्या हाडात पू धरतो. माघ महिन्यात, दवाखान्यापासून दूर असलेल्या खोपीत, पोराचा गाल सुजून डोळा झाकला जातो तो यामुळे.

मग दाढ उपटूनच का टाकू नये? दात फारच मोडला असेल, तर तो काढणेच योग्य. पण ही दाढ सहाव्या वर्षी, एकही दुधाचा दात न पाडता, सर्वांच्या मागे उगवलेली असते. पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात. तिच्या जागी दुसरी यायची नसते. ती गेली, की शेजारची दाढ त्या खिंडीत कलते, समोरची लांबते आणि चावण्याचा मेळ बिघडतो.

अशी दाढ राखण्याच्या उपचारास रूट कॅनाल, म्हणजे मूळनलिकेचा उपचार, म्हणतात. प्रथम क्ष-किरणांनी मुळांचे चित्र घेतात. सुई देऊन जागा बधिर करतात. दाढेला वरून छिद्र पाडून, कानशीसारख्या अतिबारीक सुयांनी नळ्यांतील मृत मज्जा खरवडून काढतात व जंतुनाशक द्रवाने नळ्या धुतात. अमेरिकेतील मेनार्ड या दंतवैद्याने 1838 मध्ये असे हत्यार घड्याळाच्या स्प्रिंगेपासून बनविले होते, असे सांगतात. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढतात, तसेच हे काम. फरक इतकाच, की विहीर पाण्यासाठी मोकळी ठेवतात आणि ही नळी मात्र कायमची बुजवून टाकतात. बुजविण्यासाठी गटापर्चा वापरतात. मलायातील एका झाडाच्या चिकापासून तो मिळतो. ते झाड आपल्या मोहाच्या व चिकूच्या कुळातले आहे. शेवटी दाढेवर टोपी बसवितात, कारण पोखरलेली दाढ ठिसूळ होते. मज्जा नसली तरी दाढ जबड्यात घट्ट असते. भाकरी चावायला तेवढे पुरते.

हे सर्व एका खेपेत क्वचितच होते. दोनतीन खेपा लागतात. मध्यंतरी दंतवैद्य तात्पुरते सिमेंट भरून देतात. ते काही आठवड्यांचे सोबती, साऱ्या हंगामाचे नव्हे. म्हणून आपण कोणत्या दिवशी गाव सोडणार हे दंतवैद्यास पहिल्याच भेटीत सांगावे लागते. पुढील उपचारासाठी छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे.

आपल्या गोष्टीतील वडिलांनी निघण्यापूर्वी दोन खेपा केल्या. मुलगा गावी राहिला. टोपी बसविण्याच्या दिवशी आजी त्याला घेऊन एसटीने गेली. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या तिने आपल्या हिरडीतील रिकाम्या जागेवरून जीभ फिरविली आणि नातवाला विचारले, “आमच्या वेळी हे नव्हतं का रे?”