राज्य बदलले, कायदा कोणता?

३१ ऑक्टोबर १९५६ रोजी संकेश्वर मुंबई राज्याच्या बेळगाव जिल्ह्यात होते. दुसऱ्या दिवशी ते म्हैसूर राज्यात गेले. हिरण्यकेशी होती तशीच वाहत राहिली. पण कुळाजवळची खंडाची पावती, सोसायटीचे पोटनियम, वारसाची नोंद यांना त्या सकाळी कोणता कायदा लागू झाला?

जुनाच. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ११९ ने तशी तरतूद केली होती. सरहद्द हलली म्हणून कायद्याची व्याप्ती हलत नाही. सक्षम विधिमंडळ तो बदलीपर्यंत तो चालू राहतो. अन्यथा एका रात्रीत सारे व्यवहार निराधार झाले असते. ब्रिटन २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडले, तेव्हा त्यानेही संघाचे बहुतेक नियम आरंभी आपल्याच कायद्यात सामावून घेतले. न्यायालयाची वाट मात्र तत्काळ बदलली : संकेश्वरचे अपील आता मुंबईऐवजी बेंगळुरूच्या उच्च न्यायालयाकडे जाऊ लागले.

त्यामुळे राज्य म्हैसूरचे आणि कायदे मुंबईचे, असा काळ बरीच वर्षे चालला. सहकारी संस्थांचा मुंबईचा १९२५ चा कायदा १९६० पर्यंत, तर १८७९ ची जमीन महसूल संहिता १९६४ पर्यंत येथे अमलात होती.

तथापि चालू राहिलेला कायदा नव्या विधिमंडळाच्या हाती असतो, आणि खरी झळ तेथेच बसते. मुंबईच्या कुळकायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन, १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी जमीन कसणारे कूळ, काही अपवाद सोडून, तिचे खरेदीदार मानावे असे ठरले होते. हा कायदा संकेश्वरबरोबर म्हैसूर राज्यात आला. परंतु त्या राज्याने १९५७ मध्येच ही तरतूद स्थगित केली. बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला होता. तेथील कुळांना कृषकदिनाचा लाभ मिळाला. कालपर्यंत एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अमलाखाली असलेल्या दोन शेतकऱ्यांचे नशीब असे सरहद्दीच्या रेषेने वेगळे केले.

म्हैसूरचा स्वतःचा भूसुधारणा कायदा १९६१ चा. तो २ ऑक्टोबर १९६५ पासून अमलात आला. कुळांच्या जमिनी शासनाकडे निहित झाल्या त्या पुढे १ मार्च १९७४ रोजी, कर्नाटकाच्या दुरुस्तीनंतर. मग कुळाने नमुना ७ मध्ये भूमी न्यायाधिकरणाकडे अर्ज करावयाचा होता. म्हणजे मधली जवळजवळ सतरा वर्षे! म्हणून या भागातील जुना फेरफार वाचताना आधी त्यावरील वर्ष पाहावे, आणि त्या वर्षी कोणता कायदा अमलात होता हे तलाठ्यास विचारावे.